घर बंद, असा शेरा

गोव्यातल्या आमच्या गावातलं पोस्ट आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि ते माझी आत्या चालवायची. ती लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परत आली होती. गाव तिला पोस्तबाय म्हणायचा. तिचा स्वभाव गोड मुळीच नव्हता. पत्ता अर्धवट लिहून आणणाऱ्याला ती चार माणसांदेखत सोलून काढायची. पण टपाल वाटायला निघाली की शेजारच्या सर्वण गावाच्या बाजूच्या शेतांपासून डोंगराखालच्या वरच्या वाड्यापर्यंत पायी जायची आणि कुणी घरात नसेल तर शेजारणीला हाक मारून विचारायची.

ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. पुढे एक टेम्पो आला, खोलीतलं मेज, कपाट आणि बाहेरची लाल पेटी घेऊन गेला. टपाल आणि पार्सलं वाटायचं काम साखळी शहरातल्या एका खासगी ठेकेदाराकडे गेलंय, हे आम्हाला भुसारी दुकानावर कळलं. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "बरंच झालं. आता फोन केला की माणूस दारात. पोस्तबायची बोलणी खायला नकोत."

सगळे हसले. आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. घरी येऊन ती जेवली, ताट घासलं आणि झोपली.

ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून यायचा, रविवारीसुद्धा. पस्तिशीचा असेल, बेळगावकडचा. आधी सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाच्या ट्रकांवर होता, ते काम बंद पडल्यावर इकडे वळला. साखळीत भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा. आमच्या सोप्यावर टेकून पाणी प्यायचा तेव्हा आत्या त्याच्या पिशवीतली पाकिटं वाड्यांप्रमाणे लावून द्यायची आणि लावता लावता त्याला शिव्या घालायची. तो हसायचा. म्हणायचा, "आत्ती, तुम्ही असतासा तर आमचं काम अर्धं होतंय."

मग पावसात तो आमच्या वरच्या वाड्यावर यायचा कमी झाला. लोकांच्या मोबाइलवर निरोप यायला लागले: घर बंद असल्यामुळे टपाल परत. लोक चिडायचे, साखळीला जाऊन आपलं पाकीट सोडवून आणायचे आणि गप्प बसायचे.

याच वाड्यावर, आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक कुटुंब राहतं. बाप शेती करतो, जोडीला पंचायतीची लहानसहान कामं घेतो. त्याची मुलगी नर्सिंग शिकून दोन वर्षं घरात होती. गोव्यात सरकारी नोकरीची वाट बघणं हीसुद्धा एक नोकरीच असते. तिने सरकारी इस्पितळातल्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखती होऊन गेल्या आणि तिला ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. चौकशी केल्यावर समजलं की तिचं बोलावणं आलं होतं आणि घर बंद असा शेरा मारून परत गेलं होतं. शेरा ज्या दिवशीचा होता त्या दिवशी त्यांच्या घरी सत्यनारायण होता. अंगणात मांडव होता. आम्ही सगळे तिथे जेवलो होतो.

बाप दुसऱ्याच दिवशी साखळीला ठेकेदाराकडे गेला. ठेकेदाराने त्याला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि नंतर सांगितलं, "फोनवर तक्रार नोंदवा. माझ्या हातात काय नाही." बाप बरं म्हणून उठला आणि बस धरून परत आला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पोदेराकडून पाव घेऊन वर येत होते. देवळाच्या वळणावर घोळका दिसला. मोटारसायकल आडवी पडली होती आणि तो बेळगावचा माणूस तिच्या बाजूला उकिडवा बसला होता. नाकातून रक्त येत होतं. मुलीचा बाप, त्याचे दोन भाऊ आणि वाड्यावरचे इतर पाचसहा जण भोवती उभे होते. सगळे रोजच्या पाहण्यातले. मी साखळीच्या शाळेत शिकवते; त्यातल्या एकाची मुलगी माझ्याच वर्गात आहे.

"घर बंद काय रे?" बाप म्हणाला. "चल. आज एकेक घर दाखवतो तुला. बंद आहे का बघ."

त्यांनी त्याला गुडघ्यांवर चालायला लावलं. रस्ता खडीचा आहे. प्रत्येक घरासमोर नेऊन त्याचं डोकं दारावर आपटायचे आणि म्हणायचे, "बोल, घर उघडं आसा." तो बोलायचा. आवाज बारीक पडला की पुन्हा आपटायचे. बायका दारं उघडून बाहेर आल्या. एक हसली, तशा बाकीच्याही हसल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करत होतं आणि त्याला सांगत होतं, "हांगा बघ, इकडे."

"सोडा त्याला, मरेल तो," असं मी दोनदा म्हटलं. मुलीच्या काकाने माझ्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "बाय, तुझी नोकरी आहे. तू शाळेत जा." त्या दिवशी रविवार आहे याची आठवण त्याला कुणी करून दिली नाही.

असे सात-आठ उंबरे झाले. मग ते आमच्या दारात आले. डोकं आपटायच्या आधीच आत्याने दार उघडलं. तिने त्याच्या शर्टाची कॉलर धरली, त्याला आत ओढलं आणि आतून आडणा घातला. सत्तरीची बाई, पण हे तिने इतक्या झटक्यात केलं की बाहेरची माणसं हात तसेच पुढे धरून उभी राहिली. मी मागच्या दाराने आत गेले.

बाहेरून धक्के बसू लागले. "पोस्तबाय, दार उघड. हा तुझा कोण लागतो?"

"कोण नाही," आत्या आतून म्हणाली. "तुम्ही तरी माझे कोण?"

थोड्या वेळाने धक्के थांबले. जनेलातून मी बघितलं. त्यांनी मोटारसायकल ढकलत नेली आणि पाटात टाकली. पाठोपाठ टपालाची पिशवी फेकली. पाटाला पाणी भरपूर होतं. पाकिटं थोडी तरंगली, मग वाहत खालच्या गावाकडे गेली. त्यात आपली स्वतःचीही असतील हे तिथल्या एकालाही सुचलं नाही.

आत्या हळद लावत होती तेव्हा तो म्हणाला, "आत्ती, मालकच सांगतो. वरच्या घरांना जाऊ नको, खालीच उभा राहून घर बंदचं बटण दाब. लोक भांडत आले तर टपाल दे म्हणतो. नाही दाबलं तर पगारात कापतो."

संध्याकाळी आत्या खाली मुलीच्या घरी गेली, मीही सोबत गेले. तिने हे सगळं बापाला सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ठाऊक आहे मला. पण ठेकेदार मोठा माणूस. त्याच्यावर हात कोण टाकणार?"

"म्हणून याच्यावर टाकला?"

"हा सापडला," तो म्हणाला.

त्याची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सारखी एकच विचारत होती, "त्या व्हिडिओत आमचं घर दिसतं काय गो?"

पोलिसांत काही गेलं नाही. मोटारसायकल ठेकेदाराची होती, पिशवीची जबाबदारीही त्याची, तेव्हा प्रकरण वाढलं असतं तर त्याच्याही दाराशी आलं असतं. तो एकदा मुलीच्या बापाकडे येऊन चहा पिऊन गेला. त्यानंतर मुलगी त्याच्या साखळीच्या काउंटरवर नोकरीला लागली. बेळगावच्या माणसाकडून मोटारसायकलीची भरपाई मागितली गेली.

आत्याला त्याला बघायला जायचं होतं. मी तिला घेऊन गेले. बाजाराच्या मागे एका चाळीत खोली होती. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. त्याची बायको दारातच उभी राहिली.

"आम्ही त्या गावच्या," आत्या म्हणाली.

"कळलं," ती म्हणाली. "गावानं बघायचं ते बघून झालंय. आता काय बघायला आलाय?"

आत्याने केळी आणली होती. ती तिने उंबऱ्यावर ठेवली. बाईने पायाने बाहेर सरकवली. आम्ही परत फिरलो. दिवाळीनंतर ती खोली रिकामी दिसली. शेजारी म्हणाले, गेले गावाला.

आमच्या गावाला आता घरपोच वाटप नाही. भागात धोका आहे, असं ठेकेदाराने वर लिहून दिलं म्हणतात. सगळ्यांना साखळीला जावं लागतं. बस वेळेवर नसते. वरच्या वाड्यावर एक लकवा झालेला म्हातारा आहे, त्याची औषधं पार्सलने येतात. त्याची सून आठवड्यातून एकदा मजुरी बुडवून ती आणायला जाते.

परवा आत्या स्वतःच्या डोळ्यांच्या औषधाचं पार्सल आणायला गेली होती. दुपारी रिकाम्या हाताने परत आली. काउंटरवर आमच्या खालच्या घरातली मुलगीच होती. रांगेत आत्याचा नंबर आला तेव्हा तिने मान वर न करता आधार कार्ड मागितलं. आत्याने घरी विसरलं म्हणून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हणाली, कार्डाशिवाय मिळणार नाही, बाजूला व्हा. मी बाजूला झाले."

"तू सांगितलं नाहीस, तू कोण ते?"

"ती ओळखते गो मला," आत्या म्हणाली आणि पिशवी खुंटीला लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेला जाताना तिचं कार्ड घेऊन गेले. मुलीने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हे तुमचं नाही. ज्याचं असेल त्याने यायला पाहिजे." तिच्या मागे खुर्चीवर ठेकेदार बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि मान डोलावली.