बाहेर बसलेली आजी
वेखंडाचा वास आला की मला माझा तो शहाणपणा आठवतो. पाळी थांबून वर्ष झालं होतं, पण म्हातारी म्हणवून घ्यायचं नव्हतं आणि महिन्याचा चार दिवसांचा आरामही सोडवत नव्हता, म्हणून मी मेली खोटंच बाहेर बसायची. त्या दिवशी अकोल्याच्या घरी कुरडयांचा चीक शिजवायचा होता. माझ्या अंगातून आधीच वाफा निघत होत्या, म्हणून सकाळीच सांगून टाकलं, "मले शिवू नका." आणि दुपारी, न कळवता, लेक दारात! पुण्याला बाळंत झालेली, सासरी तिवस्याला जाताना तासभर थांबलेली. "आई, घे न तुही नात." मी हात पुढे केले, तशी माझी सासू ओरडली, "अवं, बाहेर बसली न तू!" जाऊ हसली, "काहून इतकी घाई, बाई?" खरं सांगावं तर वर्षभराचं सोंग उघडं पडणार, म्हणून हात मागे घेतले. उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसून मी नात हातोहात फिरताना पाहिली. माझ्यापर्यंत आला तो नुसता तिच्या अंगाला लावलेल्या वेखंडाचा वास. पुढच्या खेपेला नात दुडदुडत आली. आता तीच मला हात धरून जिना चढवते, पण तान्हेपणी ती मांडीत केवढी मावली असती, ते मला अजून ठाऊक नाही.