पोरीनं छताकडं का बघितलं

"काय गं, छतावर कॉपी लिहून ठेवलीय का?" सर म्हणाले. हापिसातले सगळे हसले. माझी नात मान खाली घालून उभी. मी दारात.

लातूरच्या त्या क्लासात इंग्रजीची परीक्षा कम्प्युटरवर घेतात. पोरं उत्तरं देतात आन् कॅमेरा त्यांचे डोळे बघतो. पडद्यावर लक्ष किती, दुसरीकडं किती, सगळं मोजतो. सरांनी पडदा माझ्याकडं फिरवला. नातीच्या नावापुढं लाल पट्टी.

"बाबा, पोरगी सारखी वर बघते. लक्ष नाही. तरी उत्तरं बरोबर. कशी काय?"

"येत व्हती म्हणून."

"मशीन कुणाचं नातेवाईक नसतं, बाबा. लक्ष नव्हतं असं कबूल करा, खालच्या बॅचमध्ये ठेवतो. नाहीतर घेऊन जा."

मी शाळा पाहिली न पाहिल्यासारखी. पण पोरगी वर का बघती, हे मला कळत व्हतं.

भूकंपात आमचं माळवद, मातीचं जड छत, खाली बसलं. तिच्या बापाला मी मातीतनं ओढून काढलं. तिची आजी निघाली न्हाई. तवापासून आमच्या घरातलं माणूस कुठंबी बसलं की आधी छत बघतं, मग दार. काही हाललं की पुन्हा वर बघतं. सून लग्न होऊन आली, तीबी शिकली. क्लासाची खोली तिसऱ्या मजल्यावर. खालून ट्रक गेला की काचा थरथरतात. पोरगी वर बघणारच. बघती, आन् पुन्हा उत्तराला लागती.

एवढं सगळं मी सरांना सांगितलं. ते मोबाइल बघत व्हते.

"भूकंपाला जमाना झाला, बाबा. विसरा आता."

विसरा. मेलेल्या माणसाच्या घरच्याला हे सांगतो. आन् म्हणं लक्ष आमचं न्हाई.

आजवर मी साहेबांपुढं हाव म्हणत आलो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात ठिवलं, तवा हाव. घरं वाटली तवा लांबचं, कोपऱ्यातलं दिलं, तरी हाव.

नात पुटपुटली, "सर, माझं चुकलं, मी..."

मी तिचा दंड धरला. "चुकलं न्हाई. म्हणू नको."

"आबा, क्लासच जाईल."

"जाऊ दे. हे वाक्य तुझ्या तोंडातनं जाणार न्हाई."

सर म्हणाले, "म्हातारा हट्टी आहे."

हाय. उद्या सकाळी ती वरच्याच बॅचमध्ये, तिच्याच खुर्चीवर बसणार. मी वर्गाच्या दारात बसणार. तिला उठवायचं असंल तर आधी मला उचलून बाहेर टाकावं लागंल. सगळ्या पोरांच्या देखत.