जांभळीच्या फळ्या

लोणावळ्याच्या एका बंगल्यातून मी इंजिन विकत घेऊन घरी आणलं, तेव्हा अर्धा गाव इंजिन पाहायला आला आणि उरलेला अर्धा मला पाहायला. रेल्वेच्या शेडमध्ये फिटरची नोकरी, घरी थोडी भातशेती, बायको माहेरी. असा माणूस बैलगाडीत इंजिन घालून आणतो म्हटल्यावर लोकांनी त्याचं डोकं फिरलं असं समजणं साहजिकच होतं. माझं डोकं मुळीच फिरलं नव्हतं. इंजिनसुद्धा फिरत नव्हतं, पण ते पुढे येईल.

इंजिन रॉकेलवर चालणारं, उंचीला कमरेइतकं, दोन बाजूंना दोन जड चाकं. बंगल्यात ते विहिरीचं पाणी वर चढवायचं. बंगल्याला नळ आला आणि ते कोंबड्यांच्या ताब्यात गेलं. मी चार रविवार घालून ते सुटं केलं, आतून पिसं काढली, एक फुटलेलं अंडंही काढलं, आणि पुन्हा जोडलं. त्याच्या पट्ट्यावर परातीएवढी गोल करवत बसवली. पाचव्या रविवारी त्याने एकदा खोकून काळा धूर सोडला आणि ते धडधडायला लागलं, तेव्हा मी अंगणात एकटाच नाचलो. एकटाच म्हणजे, कुंपणापलीकडे गावातले आबा उभे होते. ते पुढे वर्षभर तो नाच करून दाखवत असत, आणि माझ्यापेक्षा चांगला.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. आमचं घर मळवलीच्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायाशी. पावसाळ्यात आमची जमीन पाझरते. श्रावणात सारवलेल्या भुईवर अंगठा दाबला तर खळगा पाण्याने भरायचा. सलग दोन पावसाळे आमच्या तीन वर्षांच्या मुलीला हिवतापाने धरलं. दिवाळीला बायको तिला घेऊन तळेगावला आईकडे गेली ती परतलीच नाही. संक्रांतीला निरोप आला: खोलीत फळ्यांची जमीन करा. ओल्या भुईवर माझी पोर पुन्हा निजायची नाही. मृगाच्या आत झालं तर येते, नाहीतर पावसाळाभर मी इथेच.

आज ती असती तर मला इथेच थांबवून म्हणाली असती, "अहो, निरोप कसला? मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं." ती गेल्यापासून माझ्या गोष्टी कुणी दुरुस्त करत नाही. मी वाट्टेल ते सांगतो, लोक हसतात, घरी जातात. चुकीच्या जागी "अहो" म्हणून मध्ये पडणारं माणूस नसलं की गोष्ट सांगण्यात काही राम उरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तर निरोप आला, आणि मी ऐटीत उलट निरोप धाडला की फळ्या बसवल्याशिवाय तळेगावला तोंड दाखवणार नाही. मूर्खपणा होता. लोणावळ्याहून तळेगाव पाचवं स्टेशन. माझ्या डोळ्यांसमोरून दिवसभर गाड्या तिकडे जायच्या. तेव्हा आमच्या रुळांवर धुराचीच इंजिनं होती आणि ड्रायव्हर सगळे ओळखीचे. मी त्यांना तंबाखू द्यायचो आणि सांगायचो, तळेगावच्या अलीकडे शिटी जरा लांब वाजवा. तिचं माहेर रुळालगत होतं. मला वाटायचं, तिला समजत असेल. पुष्कळ वर्षांनी हिय्या करून तिला विचारलं, तर म्हणाली, "अय्या, तुम्ही होय! मला वाटायचं कुणी नवशिका ड्रायव्हर आला आहे."

लाकूड माझ्याकडे होतं. आमच्या बांधावरची जुनी जांभूळ आदल्या पावसाळ्यात वाऱ्याने मुळासकट उन्मळून ओढ्यात पडली होती. जांभळीचं लाकूड पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही. ओल्या घराला त्याहून चांगली फळी नाही. गावात लाकूड कापायचं ते आबांनी. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, मध्ये लांब करवत. पण आबांचा खालचा जोडीदार गिरणीत कामाला मुंबईला गेला आणि आबांची करवत आढ्याला लटकली. म्हणून इंजिन. आबांना अर्थातच ते आवडलं नाही. रोज सकाळी ते कुंपणाशी येऊन बसत.

"फिटर, तुजं इंजान काम शिकतंय का नुसतंच खोकतंय?"

"आबा, महिन्याचं काम दोन दिवसांत करील."

"आन् मग उरल्याल्या दिवसांचं काय करशील? नाचशील?"

ओंडका ओढ्यातून वर काढायला गावच्या दोन बैलजोड्या लावल्या. बैलांनी एकदा ओढून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि चरायला लागले. मग मी शेडच्या भंगाराच्या लिलावातून एक हाताने फिरवायचा विंच आणला. तो वरच्या मोठ्या खडकाला साखळीने बांधला, तारेचा दोर खाली ओंडक्याला घातला आणि दांडा फिरवायला लागलो. एक फेरा, कट्‌. एक फेरा, कट्‌. ओंडका रुसलेल्या पाहुण्यासारखा वीत वीत पुढे यायचा. संध्याकाळपर्यंत तो ओढ्याच्या काठावर आला. माझ्या तळहातांची सालं गेली होती, पण मी आबांकडे असं पाहिलं की जणू मी सह्याद्री हलवला आहे.

"आला खरा," आबा म्हणाले. "पन लय मोठा हाय. तुजी परात त्याला पुरायची न्हाई."

खरंच होतं. माझी करवत ओंडक्यात अर्धी बुडाली तरी पलीकडे पोचेना. मी ओंडक्याचे सहा-सहा हातांचे दोन तुकडे पाडले. मग लोखंडी पाचरी ठोकून त्यांना भेग पाडली आणि भेगेत रेल्वेचा जॅक घातला, डबे उचलतात तो. त्याचा स्क्रू पिळत गेलो. जांभूळ आडमुठी, दाद देईना. एकदम तोफ उडावी तसा आवाज झाला आणि पहिल्या तुकड्याची उभी दोन शकलं झाली. आमचा कुत्रा जो पळाला तो दुसऱ्या दिवशी परतला. आत लाकूड गुलाबीसर करडं, ओलसर, तुरट वासाचं.

पहिली फळी निघाली तेव्हा ती गरम होती. मी ती घरात नेली, त्या रिकाम्या खोलीत मांडली आणि भर दुपारी तिच्यावर आडवा झालो. रुंदीला वीतभर, एका कुशीवर झोपण्याएवढीच. शेजारी दुसरी फळी कुठे येईल, तिसरी कुठे, मुलीचं अंथरूण कुठे, हे हाताने भुईवर चाचपून पाहिलं. भुई वैशाखातसुद्धा गार लागत होती.

वरच्या तुकड्यातून सगळ्या फळ्या व्यवस्थित निघाल्या. बुडख्याचा तुकडा लावला आणि दुसऱ्याच फळीला करवत किंचाळली. ठिणग्या उडाल्या, पट्टा निसटून भिंतीवर आपटला आणि करवतीचे तीन दात माझ्या कानाजवळून गेले.

आबा कुंपण ओलांडून धावत आले. पहिल्यांदाच. "लागलं का रं?"

"नाही."

त्यांनी लाकडात बोट घातलं आणि निश्चिंत होऊन खाली बसले. "खिळा हाय. समद्या गावाचा हिवताप हाय हितं."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आमच्याकडे हिवताप हटला नाही की तो झाडात खिळवत. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक मावशी आजाऱ्यावरून खिळा उतरवायची, जांभळीत ठोकायची आणि ताप तिथे अडकून पडायचा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण जुने खिळे सालीने गिळले होते, आणि मी यंत्राचा प्रत्येक बोल्ट मोजला, झाडाला मात्र नीट पाहिलंसुद्धा नाही.

"आबा, तुम्हाला माहीत होतं!"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुटं?"

दुसऱ्या दिवशी मावशी डोंगर उतरून आल्या, आणि त्यांच्यामागे गाव. मावशी भलत्या रागावल्या होत्या. "फिटरभाऊ, खिळं तोडशील तर ताप मोकळं हुतील. पावसाच्या तोंडाला समद्यास्नी धरतील. मग तुजं इंजान दवा देनार हाय का?"

मी म्हणणार होतो की हिवतापाला कोयनेल असतं. मुलीला मी शेडच्या दवाखान्यातून आणून तेच दिलं होतं, आणि बायकोने मावशींकडे जाण्याचं नाव काढलं तेव्हा मी मोठं भाषण ठोकून तिला गप्प केलं होतं. पण समोर चाळीस माणसं काठ्यांसह उभी असताना भाषणाला रंग चढत नाही. मी हात जोडले. "मावशी, तुम्ही सांगाल तसं करतो. पण मला फळ्या हव्यात. मृग आठ दिवसांवर आला. माझी बायको यायची आहे."

बायकोचं नाव काढल्यावर मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोड काढली. ज्याचा खिळा त्याने उपसायचा आणि दिवस मावळायच्या आत दुसऱ्या जांभळीत ठोकायचा. वाटेत मागे वळून पाहायचं नाही.

मग जो सोहळा झाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. मी साल तासून खिळे उघडे करत होतो, मावशी बोट ठेवून मालक सांगत होत्या आणि आबा पक्कड घेऊन उपसून देत होते. आबांना काम मिळाल्यामुळे त्यांचा चेहरा उजळला होता.

"ह्यो पाटलांचा. ह्यो बी पाटलांचाच. आन् ह्यो त्यांच्या म्हशीचा."

"ह्यो?"

मागून एक शेतकरी लाजत पुढे आला. "माजा. पन ह्यो तापाचा न्हाई."

"मग कशाचा?"

"सासूचा."

"व्हय रं," मावशी म्हणाल्या, "मला ताप म्हून सांगितलंस!"

"मावशी, तापच की वो त्यो!"

त्याची सासू गर्दीतच उभी होती. तिने खिळा त्याच्या हातातून हिसकून घेतला आणि म्हणाली, "आन हिकडं, माजा म्या ठोकीन, तुला जमायचं न्हाई." लोक हसून हसून बांधावर बसले. एकाचा तर खिळाच नव्हता, कधी तापच आला नव्हता. तो हिरमुसला होता, तर आबांनी त्याला एक गंजका बेवारशी खिळा बहाल केला. दिवस कलायला लागला तसे ते सगळे मुठीत आपापले ताप धरून, माना ताठ ठेवून, दुसऱ्या जांभळीकडे ओळीने चालू लागले.

अंगणात आबा, मावशी आणि मी उरलो. बुडख्याला खालच्या टोकाजवळ एक खिळा राहिला होता. नवा, चौकोनी अंगाचा. तसले खिळे गावात मिळत नसत. ते मी शेडमधून पेटीसाठी आणले होते.

"हा कुणाचा, मावशी?"

मावशींनी आबांकडे पाहिलं. आबा पक्कड पुसायला लागले.

"तुला सांगू नगं म्हनली व्हती," मावशी म्हणाल्या. "पोरीला पाठीवर बांधून वर आलती. भर पावसाची. तू कामावर गेलतास."

पाऊस, निसरडी वाट, पाठीवर तापलेलं पोर. मी घरी आल्यावर तिने मला जेवायला वाढलं असणार आणि मी कोयनेलच्या गुणांवर बोललो असणार. ताप उतरला तेव्हा मी केवढा मिरवलो होतो.

"काडू?" आबांनी पक्कड पुढे केली.

मी हिशेब जाणत होतो. खिळ्यासकट खालचा दोन हातांचा तुकडा सोडला तर खोलीला फळ्या पुरत नव्हत्या. खिळा काढून दुसरीकडे ठोकायला हरकत नव्हती, पण ठोकायचा तिने. तिला विचारायचं म्हणजे मला कळलं आहे हे सांगायचं, आणि तिने मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. माझा तर विश्वासही नव्हता. मी पक्कड हातात घेतली, खिळ्याला लावली, आणि परत आबांना दिली.

"तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवा, आबा. तुमच्या करवतीने."

"खाली कोन हुबा ऱ्हानार?"

"मी राहतो."

करवतीच्या तुटलेल्या दातांच्या जागी कानशीने नवे दात पाडून मी इंजिन पुन्हा चालवलं. मृगाच्या आदल्या दिवशी जमीन बसली. दाराकडे दोन हात मोकळी भुई राहिली. मी धुतलेलं धोतर नेसलो आणि तळेगावची गाडी पकडली.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मुलगी मला पाहून खांबामागे गेली, तिला मी नीट आठवतही नव्हतो. सासूबाई "या, जावईबापू" म्हणून पाणी आणायला आत गेल्या. मी विंचची गोष्ट सांगितली, बैलांची सांगितली, सासूच्या खिळ्याची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. तांदळातून बोटं फिरवत राहिली.

"सगळे खिळे काढले म्हणता?"

"ज्याचे त्याने."

"आणि झाड? सगळं कापलं?"

"नाही. बुडख्याचा दोन हात तुकडा राहिला. गाठ होती. करवत चालेना."

"गाठ."

"हो. फार कठीण गाठ. त्यामुळे जमीन दाराकडे दोन हात कमी पडली आहे. तू म्हणालीस तशी पुरी झालेली नाही. नाही आलीस तरी चालेल."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्या तळहातांकडे पाहिलं, मग बराच वेळ तोंडाकडे. मी छपराकडे पाहत राहिलो. इतका वाईट नट मी आयुष्यात कधी नव्हतो. मग तिने पदर तोंडाला लावला आणि आतल्या बाजूला वळून हाक मारली, "आई, माझी ट्रंक काढ गं. आणि पोरीचं अंथरूण वेगळं बांध, तिला आतल्या अंगाला निजवायचं आहे. दाराकडे मी निजेन."