एकटीनं द्यायची मुलाखत

आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसला गेल्या वर्षी नोकरभरतीचं नवं वेड लागलं. उमेदवारानं कारखान्यात यायचंच नाही. घरी बसून मोबाइलसमोर उत्तरं द्यायची, ती रेकॉर्ड होतात आणि कॉम्प्युटर गुण देतो. नरडाण्याच्या आमच्या ठिबक सिंचनाच्या पाइपांच्या कारखान्यात मी इतकी वर्षं माणसं भरतेय, पण मला विचारलं कुणी नाही. मी चिडले होते, हे सांगायला हवं का?

प्रयोगशाळेत तपासनीसाची एक जागा होती. व्हिडिओ आले आणि मी दुपारचा डबा बाजूला ठेवून बघत बसले. नियम असा, की खोलीत उमेदवार एकटाच हवा. आता आमच्याकडे माणूस चष्म्याचा नंबर काढायलाही एकटा जात नाही. मी स्वतः पहिल्या मुलाखतीला आले तेव्हा माझे दोन भाऊ गेटबाहेर चहा पीत उभे होते. त्यामुळे एकाच्या मागे आजोबा खाटेवर आडवे, दुसऱ्याची आई हळूच पाण्याचा तांब्या पुढे करतेय, असं सगळं चाललं होतं. मी हसून हसून बेजार झाले.

मग शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातल्या मुलीचा व्हिडिओ लागला. प्लॅस्टिकचा डिप्लोमा झालेली, धीट डोळ्यांची पोर. शेजारी खुर्चीवर वडील, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. "टीममध्ये वाद झाला तर काय कराल?" असा प्रश्न आला. मुलगी तोंड उघडते तोच मागून आत्याचा आवाज, "सांग ना व माय, भरीतनी गोष्ट सांग!" वडिलांनी मागे वळून डोळे वटारले. स्क्रीनवर लाल शेरा उमटला: अन्य व्यक्ती उपस्थित, उमेदवार बाद. आणि एकदा बाद झालं की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील गेटवर हजर. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर काम करतात, असं त्यांनी सांगितलं. शर्ट तोच पांढरा.

"ताई, मीच बाजूले बसनू. पोरनी काही चूक नही," ते म्हणाले. "तिले आखो एकदाव बलावा. मी गावमाच थांबसू."

मी त्यांना बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत. त्या उभ्या माणसाकडे बघून माझं हसू पार मावळलं. मुलीची नोकरी आपल्यामुळे गेली, हे मनात घेऊन ते घरी कसे वावरत असतील?

मी पुण्याला फोन लावला. तिथला भरतीचा साहेब वयानं माझ्या भाच्याएवढा, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, प्रोसेस सगळ्यांना सारखीच असते ना."

"सारखी असू द्या," मी म्हटलं. "तुम्ही या आणि शिंदखेडा तालुक्यात दुपारी चार वाजता एक रिकामी खोली मला शोधून दाखवा. तिचं भाडं मी भरते."

तो खळखळून हसला. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मीही आवाज खाली आणला. शेवटी ठरलं की मुलीनं कारखान्यात यायचं, माझ्या खोलीत बसायचं, तो पुण्याहून स्क्रीनवर प्रश्न विचारणार आणि निर्णय त्याचाच राहणार.

मुलाखतीच्या दिवशी गेटवरून वॉचमनचा फोन. "मॅडम, एक उमेदवार आलीय. आणि एक रिक्षाभर माणसं." आई, आत्या, चुलत भाऊ सगळे. वडील मात्र रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर, कारखान्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी आपल्या परीनं शब्द पाळला होता.

मुलगी आत आली. मी कोपऱ्यात गप्प बसले, आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते आमच्या ऑफिसला ठाऊक आहे. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. पाइपवर दाब किती द्यायचा, तो फुटला तर नोंद कशी करायची, हे बोलता बोलता स्थिर झाला. मग साहेबानं मुद्दाम तोच वादाचा प्रश्न विचारला.

"सर, आमच्या गावात भंडाऱ्याला भरीत होतं," ती म्हणाली. "वांगी भाजून झाली आणि तिखट किती घालायचं यावरून दोन गल्ल्यांतल्या बायकांची जुंपली. मी मिरची वेगळी ठेचून ठेवली आणि दोन्हीकडच्या एकेका काकूला चाखायला शेजारी शेजारी बसवलं."

"मग?"

"मग दोघी म्हणाल्या, मीठच कमी आहे."

साहेब इतका हसला की स्क्रीनवरून दिसेनासा झाला. परत आला तो डोळे पुसत. "मॅडम, यांना घ्या," म्हणाला, "आणि भरीत खायला मी येणार."

मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले. बातमी ऐकून आत्यानं असा आवाज काढला की शिफ्टची माणसं खिडक्यांत आली. वडील रस्ता ओलांडून आले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी इतकं चिकटून का बसला होतात?"

ते शर्टाची बाही ओढत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी पहिले काम मांगाले गऊ ना, तव्हय मन्हा संगे कोनीच नव्हतं. मालकनी इचारं, तर मन्हा तोंडमाइन शब्दच फुटना नही."

मुलीनं त्यांचा हात धरला.

"आबा, मी बोलनी," ती म्हणाली. "साहेबनी इचारं ते बठ्ठं बोलनी."