खांबावरचे लूप

राजानंद म्हणजे घनसावंगीचा फायबरवाला. भोवतालच्या आठ गावांत त्यानंच खांबाखांबावरून इंटरनेट नेलं. हाताला पक्का, जिभेला गोड. पण हाव कुणाला चुकली हो!

या धंद्यात एक रिवाज आहे. चार-पाच खांबांआड वीसेक मीटर वायर गुंडाळून टांगून ठेवायची. तिला लूप म्हणतात. वायर तुटली की लूप सोडायचा, ओढून जोडायचा, झालं काम.

यंदा फायबरचे भाव भडकले. बड्या कंपन्यांनी डेटा सेंटरसाठी माल आधीच उचलला म्हणे. जालन्याचा व्यापारी दर आठवड्याला नवा भाव सांगायचा, अन् तो भाव द्यायला तयार झालं तरी म्हणायचा, "माल न्हाई, राजाभाऊ." इकडं नवी गिऱ्हाइकं दारात. मंग या शहाण्यानं एका वाडीच्या रस्त्यावरचे सगळे लूप उतरवले अन् ती वायर चढ्या भावानं नव्या घरांना जोडून दिली. 'वर मान करून कोण बघून राह्यलंय?'

त्या वाडीत बेबीनंदा राहते. लोकांच्या रानात कापूस वेचून तिनं लेकीला, पायलला, इंजिनियर केलं. पायलची पुण्याच्या कंपनीत मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. आदल्या दिवशी तिनं राजानंदला विचारलं, "मामा, उद्या अकराला नेट बराबर चालंल ना? इथं मोबाईलला रेंज न्हाई."

"बिलकुल! निर्धास्त राह."

सकाळी साडेनऊला उसाच्या ट्रॉलीनं वायर तोडली. राजानंद शिडी घेऊन धावला. दोन टोकांत सहा मीटरचं अंतर, अन् ओढायला लूपच नाही. चार ठिकाणी फिरला, कुठं तुकडा मिळाला नाही. शेवटी पायलला गाडीवर बसवून घनसावंगीला पळवलं. पोचेपर्यंत मुलाखतीची वेळ टळून गेली होती.

संध्याकाळी बेबीनंदा दारात शेजारणींना सांगत होती, "त्या ट्रॉलीवाल्याचं वाटोळं होवो! राजाभाऊ बिचारा किती पळाला."

तिथंच उभ्या राजानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खाली मान घालून चारचौघींत सगळं सांगून टाकलं.

पायल भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मी इचारलं तवा खरं सांगितलं असतं, तर रातीच मैत्रिणीकडं घनसावंगीला मुक्कामी गेले असते."

बेबीनंदा उठली अन् त्याच्याकडं न बघता घरात गेली.