मामांचा शेवटचा हार

ज्या माणसाने जन्मभर पक्षाला हार पुरवले, त्याच्यासाठी पक्षाने आज विकतचा हार आणला.

शंकरमामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात त्यांची झेंडूची आणि शेवंतीची बाग. आज सकाळी गेले.

अकोल्याला परतताना गाडीत बसून हे लिहितेय.

पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही कमेंटमध्ये भांडाल, आणि आज मला भांडायचं नाही.

मामा पक्षात गेले तेव्हा पक्षात कोणी नव्हतं. सभेला माणसांपेक्षा सतरंज्या जास्त असायच्या.

तरी पाहुण्याच्या गळ्यात मामांचा हार पडायचाच. पहाटे खुडलेली फुलं, स्वतः ओवलेली. पहिला हार शंकरचा, ही गावाची रीतच झाली.

मग गावचं गायरान भाऊसाहेबांनी तारेचं कुंपण घालून गिळलं. भाऊसाहेब म्हणजे तेव्हा समोरच्या पक्षाचे पुढारी. गावची गुरं चरायला जाणार कुठे? मामा कुंपणापुढे आडवे झाले. भाऊसाहेबांच्या माणसांनी काठ्या घातल्या.

मामांचा डावा खांदा मोडला. तो हात पुन्हा कधी वर गेला नाही.

तेव्हापासून मामा एकाच हाताने हार घालायचे आणि पाहुण्याला वाकावंच लागायचं.

"पाय वं पोरी," मामा हसून म्हणायचे, "माह्या खांद्यापाई मोठमोठ्या लोकायले वाकावं लागते."

असा माणूस. रडायच्या गोष्टीवर आधी स्वतःच हसून घ्यायचा.

पुढे पक्षाला दिवस आले. मामा त्याला "तेजी" म्हणायचे.

हा शब्द त्यांच्या घरातला. इंग्रजांच्या काळात सातासमुद्रापार कुठेतरी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी म्हणे बैलबंडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या, फुलझाडं उपटून कापूस पेरला. मामांच्या पणज्याचा बाप तेवढा अडून बसला. देवळाच्या फुलांचा वाफा त्याने मोडला नाही. गाव त्याला हसलं.

लढाई थांबली, भाव कोसळला, चांदी सोनाराकडे परत गेली.

वाफा राहिला. मामांची बाग म्हणजे तोच वाफा.

"तेजी आली का सगळ्यायले वाटते, आता हे असंच राहीन," मामा म्हणायचे.

पक्षाच्या तेजीत भाऊसाहेब आमच्या पक्षात आले.

कुंपणासकट.

मी बातमी पाहिली आणि मामांना फोन लावला.

"माय, मले वाटलं होतं, माहा खांदा मोडला तो पक्षाचाबी मोडला."

एवढंच बोलले. मला रडू आलं. याच प्रोफाइलवर मीही या पक्षासाठी कितीदा भांडले आहे, तुम्हाला माहीत आहे.

भाऊसाहेबांची पहिली सभा नेमकी मामांच्याच गावात ठरली. तालुक्याहून निरोप आला: रीत मोडू नका, पहिला हार शंकरचाच.

मी मुद्दाम गेले. भीती वाटत होती. हार घातला असता तर मामा स्वतःच्या नजरेतून उतरले असते. नसता घातला तर गावात जगणं अवघड झालं असतं.

पहाटे बागेत पाहते तर मामा नेहमीसारखे हार ओवत बसलेले.

"मामा, काहून ओवून राहिले तुमी?"

"हे माहं काम आहे. त्यायचं ते पायतीन."

सभेत नाव पुकारलं. मामा स्टेजवर चढले. भाऊसाहेबांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं, ते मान वाकवून उभे राहिले.

मामांनी हाराचा दोरा दाताने तोडला.

गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढला, पसरला, सगळी फुलं त्यात ओतली.

एक फूल भाऊसाहेबांच्या हातावर ठेवलं. "हे तुमचं."

मग स्टेजवरून खाली उतरले. पुढे बसलेल्या बायांना, मागच्या म्हाताऱ्यांना, बंदोबस्तावरच्या पोलिसाला, प्रत्येकाला एकेक फूल. "हे तुमचं. हे तुमचं."

घोषणा नव्हत्या. भाऊसाहेब हातातल्या फुलाकडे बघत उभे होते.

एवढं मोठं मी माझ्या डोळ्यांनी दुसरं काही पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, "मामा, आता मत कोणाले?"

"पायतो. आतापावतर डोये झाकून देल्लं. आता पाहून देईन."

चेहरा मात्र एका दिवसात म्हातारा झाला होता. दुपट्टा त्यांनी फेकला नाही. धुऊन फुलांची टोपली झाकायला ठेवला.

आणि आज.

अंगणात मामांना ठेवलं होतं. गाव रांगेनं येत होतं. प्रत्येकाच्या हातात एक फूल, मामांच्याच बागेतलं. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग भाऊसाहेबांची गाडी आली. दोन माणसांनी उचलावा एवढा मोठा हार, वर पक्षाची रिबीन.

भाऊसाहेबांनी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. हार गाडीत परत ठेवायला लावला. त्यातलं एक फूल तोडलं आणि रांगेत उभे राहिले.

त्यांची पाळी आली. मामांच्या पायाशी फूल ठेवताना ते पार खालपर्यंत वाकले.

त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. येताना मी गायरानावरून आले. कुंपण अजून तिथंच आहे.

मामा, पुढच्या वेळी मीही पाहूनच मत देईन.

तुमच्या बागेतलं एक फूल तुमच्या पायाशी ठेवून आले आहे. हे तुमचं.