हळदीशिवाय पिवळं

माझ्या लेकीच्या पोटात त्या दिवसांत चार घास गेले ते एका कोरियन बाईमुळे, हे आधीच सांगून टाकते. मागून सांगायला ठेवलं तर राहून जाईल अशी भीती वाटते. मला तर सगळ्याचीच भीती वाटते. आज पुण्यात परक्यांच्या स्वयंपाकघरात उभी असते, आणि गावाकडून फोन आला की आधी हात पुसते, मग देवाचं नाव घेते, मग फोन उचलते.

गोष्ट हिंगोलीची. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात दिसू लागले होते. माझी शाळा सहावीतच सुटलेली. नवरा ट्रकवर, कधी घरी येईल त्याचा नेम नाही. चार वर्षांची लेक माहेरी, साखऱ्याला मायजवळ ठेवून मी हिंगोलीत कामाला आले. एसटीनं सकाळी निघालं की जेवणाआधी पोचावं एवढंच अंतर. पण सुट्टी महिन्यातून एकदा, आणि जिचं लेकरू लांब आहे तिला तेवढंही परदेशासारखंच.

हळदीच्या एका कारखान्यात हळकुंडं निवडायची नवी मशीन बसवायला कोरियाहून एक साहेब आले होते, सोबत बायको. भाड्याच्या बंगल्यात सहा-सात महिने राहणार होते. कारखान्याच्या ड्रायव्हरनं मला तिथं लावून दिलं.

"काय काय येतं ताई तुला?" त्यानं विचारलं होतं.

"भाकरी, वरण, भाजी. पिठलं."

"बास झालं. त्यान्ला त्यातलं कायबी नको."

बाई बुटकी, गोरी, माझ्या मायच्या वयाची. मी तिला म्याडम म्हणायची आणि ती मला आजुम्मा. मला वाटलं, आजीमाय म्हणते की काय! ड्रायव्हरनं त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारून सांगितलं, लग्न झालेल्या बाईला तसं म्हणतात. "पण म्हाताऱ्याच जास्त अस्तेत म्हणे त्यात. तुला काहून म्हणते इचारू का?"

"नको रे बाबा. इचारशील अन् मला काढून टाकतील."

म्याडम दाखवेल तसं मी करायची. कोबी मिठात मुरवून, मिरची-लसूण चोळून बरणीत दाबायची. उन्हाळ्यात त्या बरणीचं झाकण काढलं की फुस्स व्हायचं, आणि मी दोन पावलं मागे. आमच्याकडं सोयाबीन पोत्यानं मोंढ्यात विकायला जातं, त्याचं काळं पाणी करून कुणी भाताबरोबर खातं हे मी तिथं पाहिलं. एकदा मी माझ्या डब्यातली कारळाची चटणी खात होते. म्याडमनं बोट लावून चाखली, आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "त्यांच्या गावाकडं असलंच काहीतरी करतेत म्हणे. घरची आठवण आली बाईला." तेव्हापासून मी तिला जरा कमी भ्यायची.

पण हळद नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझी हळदीची डबी उचलली, माझ्याच पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. साहेब दिवसभर हळदीच्या धुळीत असायचे. कान पिवळे, कॉलर पिवळी, शिंकून शिंकून नाक लाल. घरी आल्यावर त्यांना तो वास नकोसा व्हायचा. कारण मला कळलं होतं, पण मनाला कारण पुरत नव्हतं.

आमच्यात हळद नाही, फोडणी नाही असं जेवण घरात माणूस गेल्यावरच शिजतं. मी नऊ वर्षांची असताना बाप गेला, तेव्हा मायनं केलेलं ते पांढरं फिकं वरण माझ्या जिभेवर अजून आहे. आणि इथं मी रोज तेच करून राहिले होते. पांढरा भात, पांढऱ्या मुळ्याचं पांढरं पाणी. पळी फिरवताना मनात यायचं, सुतक नसताना सुतकाचं शिजवलं की ते सुतकाला हाक मारतं. माझं एवढंसं लेकरू तिकडं साखऱ्याला.

एक दिवस राहवलं नाही. नखावर बसेल एवढी हळद मी मुळ्याच्या पाण्यात सोडली. वाटलं, एवढ्यानं कुणाला कळतंय! पण हळद आमच्या हिंगोलीची. बघता बघता पातेलं लिंबासारखं पिवळं झालं.

साहेबांनी नाकावर रुमाल धरला आणि उठून गेले. म्याडमनं चमचा खाली ठेवला. माझा हात हातात घेऊन उलटा केला आणि माझी पिवळी नखं बघितली. मग ड्रायव्हरला बोलावलं.

"ताई, म्याडम इचारून राहिल्या, काहून घातली?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवायला लागला. "सुतकाला इंग्रजीत काय म्हणतेत गं?"

"मला काय माहीत? सहावी शिकलेली मी!"

"मंग मी तरी कुठं कलेक्टर हाये?" असं म्हणून त्यानं डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली, जीभ बाहेर काढली, आणि पातेल्याकडं बोट दाखवलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. म्याडम हसली नाही. तिनं माझी पिशवी आणली, डबी काढली आणि मागच्या ओट्यावरच्या छोट्या शेगडीजवळ ठेवली. तुझं तू तिथं शिजव, पिवळं. माझं इथं. एवढं मला न सांगता कळलं. काढून टाकलं नाही, हेच मला पुष्कळ होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनीच शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. भाऊ होता. "ताई, पोरीचे डोळे पिवळे दिसून राहिले. अंगबी पिवळं पडलं. काही खाईना."

मी तिथंच पायरीवर बसले. चोरून हळद घातली मी, आणि ती चढली माझ्या लेकीच्या डोळ्यांत! आज लिहिताना हा विचार वेड्यासारखा वाटतो. तेव्हा मला त्याच्याशिवाय दुसरं काही खरं वाटत नव्हतं.

म्याडमनं कारखान्याची जीप मागवली आणि स्वतः सोबत आली. लेकीला आणि मायला घेऊन आम्ही हिंगोलीत डॉक्टरकडं गेलो. कावीळ. डॉक्टरांनी औषध दिलं, उकळलेलं पाणी आणि हलकं पातळ जेवण सांगितलं. म्हणाले, पोटात अन्न गेलं पाहिजे, नाही गेलं तर नांदेडला भरती करावं लागेल. म्याडमनं दोघींना बंगल्यामागच्या माझ्याच खोलीत राहू दिलं. नांदेडला जायची पिशवी मी भरून दाराशी ठेवली.

माय म्हणाली, काविळीत हळद बंद, तेल बंद, फोडणी बंद. आमच्याकडं मोठी माणसं तेच सांगतात. तिनंच मऊ भात शिजवला आणि तिलाच तो वाढवेना. ताटली हातात धरून रडायला लागली. "जित्या लेकराला सुतकाचं घालू का म्या?"

लेक तोंड फिरवायची. "पांढरं नको. पिवळं वरण दे."

दोन दिवस असेच गेले. औषध घ्यायची आणि अन्न बघून ओठ मिटायची. मी तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास बघायची आणि दाराशी ठेवलेल्या पिशवीकडं बघायची नाही. म्याडम उंबऱ्यावर येऊन उभी राहायची, बघायची, जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः बाजारात जाऊन लाल भोपळ्याची फोड घेऊन आली. मला हात लावू दिला नाही. भोपळा वाफवला, घोटला, गाळून घेतला. भिजवलेले तांदूळ वाटून त्यात सोडले आणि एकसारखी ढवळत राहिली. तांदळाच्या पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या करून त्यात शिजवल्या. मिठाचा कण, गुळाचा खडा. तेलाचा थेंब नाही. आणि वाटी आणली तर पिवळीधमक.

मायनं डोळे वटारले. "हळद घातली हिनं?"

"न्हाई माय, भोपळा हाये."

"मंग एवढं पिवळं कसं?" तिनं वाटीला नाक लावलं, बोट बुडवून चाटलं. बराच वेळ जीभ फिरवत राहिली. "हळद न्हाई," ती म्हणाली, आणि मग हळूच, "पण सुतकाचंबी न्हाई."

लेकीनं वाटीत डोकावून विचारलं, "वरण हाये?"

"व्हय. म्याडमचं वरण हाये."

एक चमचा गेला. दुसऱ्यात एक गोळी आली, ती तिनं दातानं तोडून बघितली. तिसऱ्याला तिनंच तोंड उघडलं. माझीच नजर लागेल म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, नुसता चमच्याचा आवाज ऐकत. म्याडमनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिला येणारा एकुलता एक मराठी शब्द म्हणाली, "थोडं थोडं."

मग रोज ते पिवळं शिजलं. लेकीच्या डोळ्यांचा पांढरा रंग हळूहळू परत आला. तरी दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी करायचा धीर मला पुढचा महिनाभर झाला नाही.

मशीन चालू झाली आणि ते दोघं गेले. जाताना तिला द्यायला माझ्याकडं काय असणार? आमच्याकडं पाहुण्याला हळकुंडं देतात, आणि तीच एक वस्तू तिला चालत नव्हती! पुढं ड्रायव्हरच्याच ओळखीनं मला पुण्यात अशाच एका घरी काम मिळालं. कोबी मुरवते, तीळ भाजते, आणि हे सगळं मला येतं ते तिच्यामुळे. लेक आता माझ्यापेक्षा उंच आहे.

जाताना तिनं तिच्या लिपीत पत्ता लिहून दिलेला कागद मी जपून ठेवला आहे. तो मला वाचता येत नाही, पण वाचणारं कुणीतरी भेटेल. ती आता म्हातारी झाली असेल, कधी आजारी पडत असेल, तिलाही अन्न नकोसं होत असेल. एक दिवस मी तिच्या दारात उभी राहीन आणि भोपळ्याचं ते वरण माझ्या हातानं शिजवून तिला चमच्यानं भरवीन. आणि तिच्या पातेल्याला हात लावायच्या आधी नखं घासून स्वच्छ धुऊन घेईन.